तुळशीपुढचा दिवा

"मावशी, काल तुमच्या तुळशीपुढे पणती नव्हती," लष्करी छावणीचा निरीक्षक भरदुपारी दारात उभा राहून म्हणाला.

छावणीच्या रात्रीच्या सरावासाठी गावात अंधार पडल्यावर बाहेर बल्ब लावायला बंदी होती. सूट होती ती फक्त तुळशीपुढच्या पणतीला. सैन्याला आपल्या देवाधर्माची एवढी कदर कशी, हे अनसूयाबाई थोपट्यांना पहिल्यापासून खटकत होतं.

"मुद्दामच नाही लावली. म्हटलं, बघू कोण विचारायला येतं."

"मी सहज आलो."

"एवढ्या उन्हात कुणी सहज येतं होय?"

तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "आमची विमानं आता आपली आपणच निशाणा ठरवतात. पणती दिसली की घरात माणसं आहेत, एवढंच त्यांना शिकवलंय. बिनदिव्याचं घर ती ओसाड समजतात, आणि ओसाड घरांवरच सराव करतात. काल सराव नव्हता. आज आहे. आज तेवढी लावा."

अनसूयाबाई म्हणाल्या, "अहो, आज पहाटेच आमचे चुलतसासरे गेले. सुतकात कोण पणती लावतं?"

"बरं, एका घरात माणसं आहेत, अशी नोंद मी हाताने करतो."

"एका?" त्या म्हणाल्या, "अख्खं गाव थोपट्यांच्याच भावकीचं आहे."