कंट्रोल, ऑप्शन, ए

कंट्रोल

"इन्सर्ट शोधू नका, साहेब. या कीबोर्डवर ती कळच नाही."

मास्तरांनी साहेबांचा हात उचलून डाव्या कोपऱ्यात ठेवला. "इस्पितळात शिकवलं ते विंडोजवर, तिथे इन्सर्ट लागायची. हे मॅक. कंट्रोल आणि ऑप्शन दाबून धरायचं, मग ए. वर्डमध्ये जे लिहिलंय ते सगळं यंत्र वाचून दाखवेल."

साहेबांची बोटं पुन्हा इन्सर्टच शोधायला गेली. सवय.

दोघांनी एकाच हेडफोनची एकेक बाजू कानात घातली होती. मास्तर जन्मांध, साहेब ताजे. जिन्यावरून पडले, डोळे गेले, जबडा मोडला. जबडा तारांनी बांधलेला, त्यामुळे बोलणं बंद. संगणकावर काम जमतं असं मास्तरांनी कळवलं, तरच नोकरी राहणार होती.

"तोंड बंद असलं म्हणून काय झालं," साहेबांची बायको म्हणाली. आवाज रडवेला होता. "हात मोकळेच आहेत ना."

मास्तरांनी साहेबांची बोटं पुन्हा डाव्या कोपऱ्यात आणली.

"आणि ही स्क्रीन का काळी केलीत?"

"आंधळ्यांच्या वर्गात उजेडाची उधळपट्टी कशाला, वहिनी?"

ती हसली नाही. "अहो, जरा आत या."

साहेब उठले. स्वयंपाकघरातून चपराक ऐकू आली. पातेलं पडलं, गडगडत गेलं. मग ती ओरडली, "नका ना मारू! बाहेर मास्तर बसलेत!"

साहेब परतले ते धापा टाकतच. मास्तरांनी त्यांचा हात पुन्हा कळांवर ठेवला. मनगट टरटरून सुजलं होतं.

मारणाऱ्याचाही हात सुजतोच, मास्तरांना वाटलं.

ऑप्शन

दुसऱ्या दिवशी मास्तर कोरडेपणाने म्हणाले, "आज मनातलं लिहा. मी ऐकणार नाही." त्यांनी कानातलं काढून ठेवलं. पहिलं लिखाण ज्याचं त्याचं, हा त्यांच्या वर्गाचा नियम.

एकेक कळ चाचपत वाजू लागली.

"काय खरडतायत एवढं?" बायकोने विचारलं.

"त्यांचं त्यांना माहीत."

"स्क्रीन लावा बघू."

"वर्ग संपला की लावतो."

कळा थांबल्या.

"अहो, आत या. आत्ता!"

साहेब आत गेले. या वेळी चपराका एकामागून एक बसल्या. डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. "मेले! मास्तर, वाचवा हो!"

मास्तर भिंत धरत आत घुसले. काठी उलटी धरली, मूठ पुढे. धापा जिकडून येत होत्या, तिकडे हाणली. हाड वाजलं. पुन्हा हाणली. कुणी अडवलं नाही, कुणी हात उचलला नाही. बांधलेल्या दातांमागून फक्त एक घुसमटलेली किंकाळी आली.

"बाईमाणसावर हात टाकतोस? नोकरी विसर आता! मीच कळवतो ऑफिसात."

"बास, मास्तर," ती म्हणाली. आवाज एकदम स्वच्छ होता. "आता सुतासारखे सरळ येतील."

ए

मास्तर बाहेर येऊन पिशवी शोधू लागले. काठीची मूठ चिकट झाली होती.

मागून कुणीतरी सरपटत आलं. खुर्ची करकरली. एका ओल्या हाताने त्यांचं मनगट पकडलं.

मास्तरांनी काठी पुन्हा उगारली.

हात सुटला नाही. त्याने मास्तरांचं मनगट ओढत कीबोर्डपर्यंत नेलं. या वेळी साहेबांची बोटं इन्सर्टकडे गेली नाहीत. त्यांनी मास्तरांचं एक बोट कंट्रोलवर ठेवलं, दुसरं ऑप्शनवर. मग हेडफोन त्यांच्या कानाशी धरला.

"काय चाललंय तुमचं?" आतून बायको ओरडली. पावलं जवळ येऊ लागली.

मास्तरांनी ए दाबलं.

यंत्राच्या सपाट, भरधाव आवाजात दोनच वाक्यं आली.

"ओरडते ती. मार मी खातो."