खिडकीपाशी

पहिली थंडी पडली आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या खोलीची जमीन बॉयलरने खालून तापवली, त्या दुपारी चोम-रे आजी दारात बूट काढून आत आली आणि तिथंच घुटमळली. पायांत तिने एकावर एक असे दोन जाड मोजे घातले होते.

"आल्या! अक्का आल्या!" हातातले पत्ते टाकून सगळ्या बायका उठल्या. चोम-रे गावात सगळ्यांत थोरली. स्वयंपाकघराच्या भिंतीलगतचा कोपरा तिचा. जमिनीखालची ऊब तिथं सगळ्यांत कडक लागते. थोरली आली की ती तिथं टेकेपर्यंत बाकीच्यांनी बसायचं नाही, ही रीत. उशीसुद्धा मांडून ठेवलेली होती.

चोम-रे आजीने कोपऱ्याकडे पाहिलं. मग खोली ओलांडून ती थेट खिडकीपाशी गेली आणि गार भिंतीला पाठ लावून बसली.

सगळ्या तशाच उभ्या.

"रुसलात का अक्का?" हादोंगवालीने विचारलं. हादोंग तिचं माहेर, म्हणून गाव तिला याच नावाने ओळखे. वयाने तिचा दुसरा नंबर.

"कशाला रुसू? उकडतंय मला."

"बाहेर पाणी गोठलंय आणि तुम्हाला उकडतंय?"

"परवा मी पत्त्यांत हरवलं म्हणून असेल," ओक-बून हळूच पुटपुटली.

हादोंगवाली तिच्यासमोर बसली, तिचे हात हातात घेतले. बर्फ नुसता. "खरं सांगा. सून काही टाकून बोलली का?"

"तिचं नाव घेऊ नकोस हं!" चोम-रे आजी उसळली. सुनेवर आळ येतोय म्हटल्यावर तिला गप्प बसवेना. तिने एकेक करून मोजे काढले आणि पाय पुढे केला. टाचेवरची कातडी नवी होती, गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी चकचकीत.

"साखरेने पाय मेलेत माझे. निखारा ठेवलात तरी कळायचं नाही. गेल्या हिवाळ्यात त्याच कोपऱ्यात मी गप्पा हाणत बसले आणि इकडे टाच भाजत गेली. घरी मोजा ओढला तर कातडं त्याच्याबरोबर आलं. सून किंचाळली, तेव्हा कळलं मला."

"पण तुम्ही तर बुसानला लेकीकडे गेला होतात ना?"

"दवाखान्यात होते. पाय ठेवायचा की काढायचा, यावरून डॉक्टरांचं आणि सुनेचं रोज वाजायचं." आजीच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. "सून जिंकली. आता भात मोजून वाढते. रोज रात्री माझे तळपाय दिव्यापाशी धरून न्याहाळते. जमीन तापली की त्या कोपऱ्यात फिरकायचं नाही, असं वचन घेतलंय माझ्याकडून."

"मग आम्हाला बोलला का नाहीत?"

"थोरली म्हणून मिरवायचं आणि स्वतःचा पाय भाजतोय हेही कळू नये! हसला असता तुम्ही."

हसलं कुणीच नाही. हादोंगवाली गुडघे कुरकुरवत उठली आणि कोपऱ्यात गेली. आता ती जागा हक्काने तिची होती, आणि तिचे गुडघे त्या जागेवर कधीचे डोळा ठेवून होते. तिने आपलं पाऊल तिथं टेकवलं. क्षणभर सुखाने डोळे मिटले. मग वाकून उशी उचलली, खिडकीपाशी आणून चोम-रे आजीच्या खाली सारली आणि स्वतः तिला खेटून गार जमिनीवर बसली.

"थोरली बसेल ती मानाची जागा," ती म्हणाली. "आजपासून मान खिडकीपाशी."

झालं! एकच झुंबड उडाली. रजया, पत्ते, चहाचे पेले सगळं फरफटत खिडकीकडे निघालं.

"सरक, मी तुझ्याहून मोठी!"

"कशावरून? माझ्या बापाने माझी जन्मनोंदच दोन वर्षं उशिरा केलीय!"

हादोंगवालीने चष्मा चढवला आणि चोम-रे आजीचा पाय मांडीवर घेतला. "लाली नाही, फोड नाही, भेग नाही. सुनेला सांगा, दुपारची पाळी माझी." तिची बोटं तळव्यावरून फिरत होती. चोम-रे आजीला त्यातलं काही जाणवत नव्हतं, पण ती बघत होती आणि गुदगुल्या झाल्यासारखी हसत होती.

"माझ्याही बोटांना रात्री मुंग्या येतात," ओक-बून म्हणाली. "मी आपली थंडीवर ढकलते."

"काढ मोजा!"

हादोंगवालीने तिच्या तळव्यावर नख फिरवलं मात्र, ओक-बून किंकाळी फोडून शेजारणीच्या अंगावर कोसळली.

"हिचा जिवंत आहे!" हादोंगवालीने जाहीर केलं.

"तरी उद्या साखर तपासून यायची," चोम-रे आजी म्हणाली. तिचा आवाज पूर्वीसारखा चढला होता. "थोरलीचा हुकूम."

तेवढ्यात गावप्रमुख सांग-चोल दार लोटून आत आला. गरगरीत अंगाचा, दिवसभर गोड कॉफी पिणारा माणूस. अर्धी खोली रिकामी आणि सगळ्या म्हाताऱ्या खिडकीत कोंबलेल्या पाहून तो घाबरला.

"बॉयलर बंद पडला का?"

"झकास चाललाय."

"मग सगळ्या थंडीत का बसलात?"

"इथं जागा नाही रे," हादोंगवाली म्हणाली. "तू सगळ्यांत धाकटा. जा, बस त्या उबेत."

तो बिचारा कोपऱ्यात जाऊन बसला.

"आणि मोजे काढ," चोम-रे आजी म्हणाली. "पाय दाखव."

त्याने मुकाट्याने डावा मोजा काढला. उजव्याचा अंगठा भोकातून आधीच बाहेर आलेला होता. खिडकीत असा काही हशा पिकला, की बायकांच्या श्वासांनी सगळी काच धुरकटली.