सामना सुरू करा

आजोबा पुन्हा चुकले. ‘सामना सुरू करा’ हे बटण समोर होतं आणि त्यांनी उघडलं होतं खेळाडूंच्या बुटांचं पान.

शेजारच्या खुर्चीतली डिझायनर ओठ मिटून बघत राहिली. फुटबॉलच्या या व्हिडिओ गेमचा मेनू सोपा करायचं काम तिच्याकडे होतं, आणि चाचणीचा नियम एकच: शेजारी बसायचं, बघायचं, मदत करायची नाही.

“पोरी, मी कुठे आलो?”

“तुम्हाला काय वाटतं?” तिला एवढंच विचारायची मुभा होती.

“चपलांच्या दुकानात.” आजोबा हसले. “बाकी, मला काय वाटतं ते हल्ली कुणी विचारत नाही हं.”

तीही हसली. जुन्या मेनूत सामन्यापर्यंत पोचायला नऊ पायऱ्या होत्या. आजोबांना जमेना म्हणून तिने पाच केल्या, मग तीन. अक्षरं मोठी केली. चाचणीला येणारे बाकीचे सटासट पुढे जायचे. आजोबा मात्र दर मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, पाऊण तास चाचपडायचे आणि निघताना विचारायचे, “पुढच्या मंगळवारी आहे ना?”

“एका माणसापायी मेनू किती वेळा मोडणार आहेस?” साहेब वैतागले.

“आयुष्यात कधी गेम खेळलो नाही, असं फॉर्मवर लिहिलंय त्यांनी. त्यांना जमलं की कुणालाही जमेल.”

चौथ्या खेपेला पडद्यावर एकच बटण उरलं, बशीएवढं. बाकीचे विचारायला लागले, संघ निवडायची सोय कुठे गेली? आजोबांनी बशी सोडून कोपऱ्यातलं ‘बाहेर पडा’ दाबलं.

तिने हात टेकले. ठरलेली तारीख केव्हाच उलटली होती. त्याच संध्याकाळी साहेबांनी काम तिच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. चारही चाचण्यांचं चित्रण समोर होतं.

पुढच्या मंगळवारी आजोबा नेहमीच्या वेळेला हजर.

“आजोबा, चाचण्या संपल्या. मला दुसऱ्या विभागात टाकलंय,” ती म्हणाली. “तुमचं काही चुकलं नाही. मलाच जमलं नाही.”

आजोबांचा चेहरा उतरला. “माझ्यामुळे?”

“छे हो.”

“तिथे येता येईल मला?”

“नाही. तिथे बाहेरच्यांना सोडत नाहीत.”

आजोबा चष्मा पुसत बसले. त्यांच्या कागदावर शेवटची सही आणायला ती बाहेर गेली. आपण एका म्हाताऱ्या माणसाला उगाच खजील केलं, हे तिच्या मनातून जाईना.

परत येताना काचेतून तिला आजोबा दिसले. ते पलीकडच्या टेबलाशी जाऊन बसले होते, जुन्या मेनूच्या गेमपुढे. नजर खिडकीबाहेर, आणि बोटं सवयीने चालत होती: नऊच्या नऊ पायऱ्या त्यांनी पडद्याकडे न बघता पार केल्या, आणि ती दार ढकलेपर्यंत दुसरा गोलही मारून झाला होता.