दुसरी खोली

“कोणाला विचारून टाकलंस हे?”

भागवत सरांचा आवाज अख्ख्या लॅबमध्ये घुमला. पोरं माना खाली घालून बसली. सर्व्हरच्या पडद्यावर एक फोल्डर उघडं होतं. नाव: तनुजा.

प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती. लातूरहून आलेल्या परीक्षक देविका मॅडम तनुजापाशीच येऊन थांबल्या होत्या. आज प्रकल्प चालला नाही तर तिचं वर्ष गेलं.

तनुजा अर्धापूरची. स्वतःचा लॅपटॉप नाही. केळीच्या पानाचा फोटो बघून करपा रोग ओळखणारा प्रोग्राम तिनं लॅबच्या सर्व्हरवरच उभा केला होता. प्रोग्राम ज्याच्यावर चालतात ते लॅबचं पायथॉन त्याला जुनं पडायचं. मग तिनं आपल्या फोल्डरात नवं पायथॉन वेगळं ठेवलं, जणू स्वतंत्र खोलीत. बाहेरच्या कशालाच हात लावला नाही. केळीला आणि हळदीला एकाच व्हॉल्व्हवर पाणी सोडत नसतात, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

“बारा वर्षं झाली माझ्या मार्कांच्या प्रोग्रामला,” सर म्हणाले. हे ते दरवर्षी सांगायचे. “एक मशीन, एक पायथॉन. कधी हात लावावा लागला न्हाई. आन् तुम्हाला पाहिजेत वेगळ्या खोल्या! सर्व्हर काय धर्मशाळा हाय का?”

दोघं-तिघं हसले. हसणारच. मार्क सरांच्या हातात.

“सर, त्यात दोन खोल्या आहेत. एक माझी. दुसरी बघा तरी एकदा—”

“मला शिकवून राहिली का तू?”

दाराशी उभा असलेला लॅबचा शिपाई ग्यानोबा काहीतरी बोलायला गेला. सरांनी डोळे वटारले. तो मागं सरकला. सरांनी फोल्डर उडवलं.

तनुजा रडली नाही. “मॅडम, पंधरा मिनिटं द्या.”

“घे.”

तिनं वहीतून एक कागद काढला. कोणतं पायथॉन, सोबत काय काय, कोणाच्या आवृत्तीचा नंबर किती, सगळी यादी त्यावर होती. प्रोग्राम पेनड्राइव्हमध्ये होता. खोली पाडली तरी परत बांधता येते, यादी तेवढी हरवू नये. ती एकेक ओळ टाइप करत गेली. कागदाच्या मागच्या बाजूलाही ओळी होत्या. ती बाजू तिनं उलटली नाही.

बाराव्या मिनिटाला पडद्यावर केळीचं पान आलं. खाली शब्द उमटला: करपा.

देविका मॅडमनी सही केली आणि मार्कांचा कागद सरांपुढं सरकवला. “चढवून घ्या. मला चारची गाडी आहे.”

सरांनी आपला प्रोग्राम दाबला. उघडला नाही. परत दाबला. नुसत्या लाल ओळी.

“ग्यानोबा! काय झालं ह्याला?”

आता ग्यानोबा थांबला नाही. “सर, त्यो जूनमधीच मेलता. सर्व्हर नव्यानं भरला तवा पायथॉन बदललं. तुमी माज्यावर वरडताल म्हून म्या ह्या पोरीच्या हातापाया पडलो. तिनं बारा वर्सामागलं पायथॉन हुडकून आणलं, आन् तुमच्या प्रोग्रामाला तिच्या फोल्डरात खोली दिली. दुसरी.”

कुणी हसलं नाही. सरांनी रुमालानं मान पुसली.

“बरं, तनुजा... टाक परत.”

तिनं कागदाची मागची बाजू एकदा बघितली, घडी केली आणि वहीत ठेवली.

“कोणाला विचारून, सर?”