आर्डिथचा बुधवार

१९८६ सालचा ऑगस्ट महिना. मिनेसोटातल्या एका तळ्याकाठी चार कुटुंबांनी मिळून दरवर्षीप्रमाणे आठवड्यासाठी घर भाड्याने घेतलं होतं. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता आर्डिथने भांड्याचं झाकण उचललं, तर आतलं डुकराचं मांस सकाळी ठेवलं होतं तसंच. गुलाबी आणि कच्चं.

ते विजेवर चालणारं, मंद आचेचं भांडं होतं. पहाटे अंधारात उठून तिने स्वयंपाकघरातला दिवा लावला होता आणि भांडं चालू करून ठेवलं होतं. रात्रीपर्यंत मांस आपोआप शिजायचं, मग पावात भरून वाढायचं. इतकं सोपं, की चुकायला जागाच नव्हती.

त्या घरात रीत ठरलेली होती. ज्या कुटुंबाचा वार, त्याने चौदा जणांचं रांधायचं. बाकीच्यांनी चुलीपाशी फिरकायचं नाही, मागाहून भांडी मात्र घासायची. सोमवार मार्लिसचा, मंगळवार बेवचा, गुरुवार लिंडग्रेनबाईंचा. नऊ वर्षं बुधवार आर्डिथचा होता. पण बाकीच्या तिघींचे नवरे हे तिच्या नवऱ्याचे, रोलंडचे कॉलेजपासूनचे मित्र. आर्डिथ तिथे होती ती रोलंडची बायको म्हणून. आणि रोलंड फेब्रुवारीत वारला होता.

रविवारी रात्री लाकडी भिंतीपलीकडून तिने मार्लिसला नवऱ्याशी बोलताना ऐकलं होतं. "पुढच्या वर्षी तीनच कुटुंबं, वेन्डेल. कधी आणि कसं सांगायचं, तेवढंच ठरवायचं आहे."

तेव्हापासून तीन दिवस आर्डिथ धरून चालली होती, की गळणारं कुटुंब आपलंच.

आता ती झाकण हातात धरून उभी होती. आच वाढवून तासभर खदखदवलं, वर भरपूर गोड-आंबट सॉस ओतला, तर कोणाला कळणार होतं? खिडकीतून तळ्यावरचा लाकडी धक्का दिसत होता. लिंडग्रेनांची दोन वर्षांची मुलगी आईशेजारी पाण्यात पाय सोडून, ओला अंगठा चोखत बसली होती. दिवसभर उकाड्यात पडलेलं मांस.

आर्डिथने भांडं उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात पालथं केलं.

"काय पडलं गं?" मार्लिस दारातच होती.

"जेवण."

मार्लिसने डब्यात डोकावून पाहिलं. मागोमाग बेव आणि तिचा नवरा हार्लन आले. हार्लनने आधी भांड्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या बटणाकडे, आणि टोपी काढली.

"सकाळी दिवा जळत होता. लख्ख ऊन पडलेलं, म्हणून मी बटण बंद केलं. त्याच बटणावर हेही चालतं, मला काय ठाऊक!"

"अरे देवा!" बेव कडाडली. "चिमूटभर वीज वाचवलीस आणि चौदा जणांचं जेवण घालवलंस. आता तुलाच शिजवून वाढू का?"

"चिवट निघेन मी," हार्लन पुटपुटला.

मार्लिसने आर्डिथच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे गं. मी गावातून पिझ्झा आणते. तू बस आरामात."

पाहुण्याला सांगावं तसं ते 'बस' आर्डिथच्या कानावर पडलं.

"आज बुधवार आहे," ती म्हणाली. "सगळे बाहेर व्हा."

घरात मैदा होता, दूध होतं, दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याची दोन डझन अंडी होती. तिने पॅनकेक घालायला घेतले. तव्यावर एका वेळी चारच मावत. एकदम सगळ्यांना वाढता येईना, तेव्हा ताटल्या घेऊन सगळे तव्याभोवतीच येऊन उभे राहिले. रात्रीच्या जेवणाला नाश्ता म्हणून पोरं चेकाळली. हार्लन रांगेत सगळ्यांत शेवटी उभा, शिक्षा झाल्यासारखा.

मार्लिस उभ्यानेच खात होती. सगळे पांगले तरी ती तव्यापासून हलली नाही.

"आर्डिथ, तुला भीती नाही वाटत?"

"कशाची?"

"एकटीने सगळं करायची."

आलं, आर्डिथला वाटलं. आता सांगणार. तिने पॅनकेक उलटला. "रोज वाटते."

मार्लिसने मान हलवली. आर्डिथ पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. मार्लिसने ताटली पुढे केली आणि म्हणाली, "अजून एक दे."

जानेवारीत फोन आला, तो बेवचा. "बुधवार तुझाच धरते हं. यंदा तीनच कुटुंबं. मार्लिस आणि वेन्डेल वेगळे झाले. तिने म्हणे उन्हाळ्यातच ठरवलं होतं."

त्यानंतर अकरा वर्षं ती तीन कुटुंबं तळ्यावर जात राहिली. हार्लन गेला तो हृदयाच्या झटक्याने, अंगणातला बर्फ उपसताना. बेव मुलाकडे राहायला गेली. लिंडग्रेन कॅनडाला गेले. त्यांची ती मुलगी आता डॉक्टर आहे. वेन्डेलने दुसरं लग्न केलं, तेही टिकलं नाही. मार्लिस अ‍ॅरिझोनात एकटीच राहिली आणि तिथेच वारली. तिच्या वस्तू आवरायला घरमालकीण आली होती म्हणतात.

आर्डिथ एक्क्याण्णव वर्षांची आहे. त्या बुधवारची गोष्ट ती नातवंडांना रंगवून सांगते. हार्लन टोपी काढतो तिथे सगळी हसतात, पॅनकेकपाशी गोष्ट संपते. त्या फोनवर बेवने शेवटी विचारलं होतं, "मार्लिस एकटीला बोलवायचं का गं?" आणि आर्डिथ म्हणाली होती, "अवघड होईल गं सगळ्यांना." हे मात्र ती सांगत नाही.