तुरीच्या काड्या

ब्याण्णव साली भडगावच्या आमच्या बँडमध्ये विजेवरचा ड्रम आला आणि तीस वर्षं ढोल बडवलेल्या सरदारभाईची झोप उडाली. पहिल्याच टोल्याला त्यानं एक रबरी पॅड फाडला. मालक लोटनआबा म्हणाले, "आता दुसरा फाडशील, तर घरीच बस."

सरदारभाई हलक्या काठ्यांसाठी वणवणला. धुळ्याच्या दुकानातल्या त्याला जड वाटल्या, बांबूच्या टणक निघाल्या. शेवटी त्यानं तुरीच्या वाळक्या काड्या तासून टोकांना कापूस गुंडाळला. पंखा लावला की त्या उडायच्या. मी स्वतः दोनदा छपरावरून काढून आणल्यात.

पारोळ्याच्या वरातीत त्यानं त्या काड्या पॅडवर नुसत्या टेकवल्या, तर कर्ण्यांतून असा दणका निघाला, की रस्त्याकडेच्या कपाशीची बोंडं फुटली! पण वऱ्हाड नाचायचं थांबलं. नवरदेवाचा मामा ओरडला, "हाई ते कॅसेट शे! याना हात बी हालत नही! आमले फसाडी राहिना का रे?"

"अल्लाकसम नाना, मीच वाजवतोय!" सरदारभाई रडकुंडीला आला. तरी आम्हाला हाकललंच. आबांनी त्याला आणखी एकच लग्न दिलं.

 

त्या लग्नात सरदारभाई मुसळाएवढी दांडकी पॅडच्या वीतभर वर, हवेतच आपटत घामाघूम झाला. वऱ्हाडानं त्याला मानाचा फेटा बांधला, तोवर हातगाडीखाली दडून मी कॅसेट पालटली.