एकाचे दहा

“पडला होता. चांगला दणकून पडला होता,” ब्रोकर म्हणाले आणि त्यांनी खातं बंद करायचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. “इथं सही कर. खाली तारीख.”

तिनं पेन उचललं नाही. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या खात्यात एकही शेअर नव्हता. मृत्यूचा दाखला द्यायचा, सही करायची, निघायचं. दहा मिनिटांचं काम. पण बाबांनी जन्मात एकाच बँकेचे शेअर घेतले, तेही याच टेबलापाशी, आणि विकले तेही इथंच. म्हणून तिनं विचारलं होतं, की त्या वर्षी तो शेअर खरंच पडला होता का.

बाबा शिंपी होते. शिलाईतून मागं टाकलेल्या पैशातून एकेक करत त्यांनी ते शेअर जमवले होते. भाव सोळाशे असताना सगळे विकले आणि तिला दाताच्या कॉलेजात घातलं. दोन वर्षांनी ती कॉलेज सोडून घरी आली. माणसांच्या उघड्या तोंडात तिला बघवत नव्हतं. घरात कुणी काही बोललं नाही. ती कसर आत्यानं भरून काढली. “पैसे पाण्यात घालायचे तर नदी काय वाईट होती?” असं ती येताजाता म्हणायची.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी बाबा पेपर फडकावत घरात शिरले. “ऐकलंत का! आपल्या बँकेचा शेअर अठराशेवरून एकशेऐंशीवर! पोरीच्या फीपायी विकले म्हणून वाचलो. दगडाखालून हात निघाला!”

आत्यानं चष्मा लावून आकडा दोनदा वाचला. “म्हणजे हिच्या कॉलेजात बुडाले नसते, तर बँकेत बुडाले असते म्हण की,” ती म्हणाली. सगळे हसले. तीही हसली. नदीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पुढं वीस वर्षं बाबा ही गोष्ट सांगत राहिले. गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता सांगायचे, “शेअर विकावा तर माझ्यासारखा.” साध्या माणसाच्या पदरात एवढी एकच जीत होती. ऐकणाऱ्याला ती तोंडपाठ झाली, तरी कुणी टोकलं नाही.

टोकलं ते तिनंच. हॉस्पिटलमध्ये त्यांच्या उशाशी बसून ती फोनवर त्या शेअरचे जुने भाव बघत होती. शेअर पडला तो नेमका दिवस शोधून त्यांना दाखवायचा होता. तो सापडेना. आलेखात रेघ चढत गेली होती. कडा कुठंच नव्हता. बाबांनी विकले त्या तारखेसमोर सोळाशेऐवजी एकशेसाठ होते. हरवलेलं शून्य शोधण्यात तिची दुपार गेली. मग तळटीप दिसली. बँकेनं एका शेअरचे दहा केले होते. अठराशेचा एक होता, त्याच्या जागी एकशेऐंशीचे दहा मिळाले. कुणाचं काही बुडालं नव्हतं. आणि जुन्या भावांची नव्याशी तुलना करता यावी, म्हणून मागच्या सगळ्या भावांनाही दहानं भागून ठेवलं होतं.

“बाबा, तो पडलाच नव्हता,” ती म्हणाली होती. शोध लागल्याचा आनंद होता तिला. “एकाचे दहा केले होते. ठेवले असते, तर आज केवढे झाले असते!”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “असं होय,” म्हणाले, आणि कूस बदलली. त्यानंतर त्यांनी ती गोष्ट कुणालाच सांगितली नाही. नऊ दिवसांनी ते गेले.

तिनं फोन ब्रोकरांपुढे धरला. “काका, हे बघा. चाळीस वर्षं या धंद्यात आहात. तुम्हालाही कळलं नव्हतं?”

ब्रोकरांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. “पडला होता असंच धर ना. आता काय फरक पडतो?”

“मला पडतो,” ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. “जाणाऱ्या माणसाकडे एक आनंद होता. तो मी काढून घेतला. शहाणपणा दाखवायला गेले. शिवणयंत्रावर जन्म काढलेल्या माणसाला ही भानगड कळली नव्हती, तर न कळू द्यायची. तेवढं मला जमलं नाही.”

ब्रोकरांनी तिच्यापुढचं पेन उचलून त्याला टोपण लावलं.

“बँकेनं एकाचे दहा केले, त्या दिवशी हे ऑफिस माणसांनी भरलं होतं,” ते म्हणाले. “भाव पडला म्हणून लोक माझ्या अंगावर आले होते. माझं कोण ऐकतंय! तुझे बाबा वाट काढत पुढं आले. म्हणाले, ‘एका कापडाचे दहा रुमाल बेतले, तर कापड कमी होतं का हो?’ गर्दी पांगली. मला जन्मात तसं सांगता आलं नसतं.”

तिनं फोन टेबलावर ठेवला.

“सगळे गेल्यावर ते मागं थांबले. स्वतःचे किती झाले असते, ते माझ्याच कागदावर मांडून पाहिलं आणि कागद फाडून टाकला. म्हणाले, ‘आमच्या घरी मात्र तो पडलाय हं. लेक कॉलेज सोडून आलीय, मान वर करत नाहीये. कधी इथं विचारायला आली, तर तुम्हीही पडला म्हणा.’”